मोकळं वर्तुळ

२ मार्च

पोहोचलो एकदाचे! सामान अजून खोक्यांतच आहे, पण चहाचं भांडं, बाबांची औषधं आणि ही वही तेवढी हाताला लागली, म्हणजे संसार लागला म्हणायचा.

घर मला पाहताक्षणी आवडलं. संशोधन केंद्राच्या आवारातच, काचघराला चिकटून. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि बाबांच्या खोलीत एक अख्खी भिंत व्यापणारी खिडकी. खिडकीपलीकडे काचघरातली झुडपं, दाट, कमरेएवढी. पानं वरून हिरवीगार आणि खालून तांब्यासारखी लालसर. बाबा म्हणाले, हॉस्पिटलच्या खिडकीतून उभ्या गाड्या बघून डोळे विटले होते, इथे निदान जिवंत काहीतरी दिसतंय. मग पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून त्यांनी मला हुकूम सोडायला सुरुवात केली. ते खोकं इकडे, ती कढई तिकडे. आयुष्यभर बेकरी चालवलेला माणूस, कुणाला तरी कामाला लावल्याशिवाय करमत नाही.

प्रवासभर त्यांनी खमिराची बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. आजोबांनी लावलेलं खमीर, रोज थोडं पीठ-पाणी घालून जगवलेलं. ताईला आणि मला ते नेहमी बजावतात की ही बरणी तुमच्या दोघींपेक्षा थोरली, तिचा मान राखा.

ताईचा फोन आला. बाबा जेवले का, बाबांचा पाय कसा आहे, बाबांना खोली आवडली का. मी कशी आहे हे फोन ठेवता ठेवता आठवलं तिला. असो. मी मजेत आहे.

४ मार्च

कामाचा पहिला दिवस. प्रयोगशाळा लहान पण लखलखीत. माणसंही मोजकीच. मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, मितभाषी, केस अगदी बारीक कापलेले, चालताना पाऊल वाजत नाही. दुसरा माझा सहकारी. त्याला काहीही विचारा, उत्तर 'शंभर टक्के' असं येतं, म्हणून सगळे त्याला शंभरटक्केच म्हणतात. मी त्याला विचारलं की इथलं कँटीन बरं आहे का, तर म्हणाला, "शंभर टक्के. नाहीये."

काम समजून घेतलं. त्या लालबुड्या पानांचा काढा करायचा. त्यात जस्ताचा क्षार घालून ढवळत राहायचं. काढा हळूहळू दुधाळ होतो आणि तळाशी साका बसतो. तो धुऊन, वाळवून भट्टीत तापवला की पांढरी भुकटी मिळते. हेच झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला पत्ताच लागत नाही. एरवी हे करायला कडक रसायनं लागतात, इथे ते काम पान करतं. बाबांना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, म्हणजे तूही पीठवाली आणि भट्टीवालीच झालीस, इतकी शिकून काय मिळवलंस!

माझं काम पुढचं. काचेच्या बशीत जंतूंची वाढ करायची, मधोमध भुकटीचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. थेंबाभोवती जंतू मेले की तिथे एक मोकळं वर्तुळ दिसतं. जितकं वर्तुळ मोठं तितकं औषध जालीम.

९ मार्च

असली वर्तुळं मी जन्मात पाहिली नव्हती. हॉस्पिटलांतून आणलेले, कुठल्याही औषधाला न जुमानणारे जंतू, आणि वर्तुळ थेट बशीच्या काठापर्यंत!

नवल वेगळंच. वर्तुळ एकदा ठरलं की ठरलं, पुढे वाढत नसतं. हे वाढतं. काल सकाळी रुपयाएवढं होतं, संध्याकाळी वाटीएवढं, आज बशी कोरी. म्हणजे दाट वाढून बसलेले जंतूही मागाहून मरतायत. मी मॅडमना दाखवलं. त्या बशी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. शंभरटक्केनं पेढ्याऐवजी खोकल्याच्या गोळ्या वाटल्या, खिशात तेवढंच होतं.

१३ मार्च

बाबांच्या पायाला आज पुन्हा वास येत होता. पट्टी बदलताना मी तोंडानं श्वास घेत होते, ते त्यांच्या लक्षात आलं. ते खिडकीकडे बघत राहिले.

इथल्या हॉस्पिटलचे डॉक्टर भले आहेत, पण आडपडदा ठेवत नाहीत. साखरेमुळे जखम भरत नाही, जंतू हाडापर्यंत गेलेत, घोट्यापासून पाय काढावा लागेल असं म्हणाले. घरी येताना बाबा रिक्षात पायाच्या पट्टीकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "अगं, तुझ्या त्या भुकटीचं काय झालं?"

मी म्हटलं, बाबा, ती अजून माणसांसाठी नाही.

"माझ्याकडे माणूस म्हणून बघू नकोस ना मग. एक बशी समज. जरा मोठी बशी."

मी हसले. रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

१८ मार्च

ऑपरेशन येत्या सोमवारी ठरलं. मी मॅडमकडे रजा मागायला गेले आणि का हवी ते सांगितलं. त्यांनी दार लोटलं. मला बसायला सांगितलं आणि त्या मात्र उभ्याच राहिल्या.

त्यांना एक मुलगी होती. सायकलवरून पडून गुडघा फुटला, एवढंच निमित्त. हॉस्पिटलमध्ये टाके घातले, तिथेच वॉर्डात जंतू शिरले. मुलगी आठवडाही काढू शकली नाही. "माझ्या डोळ्यांदेखत तिला खाल्लं गं त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "आता मी त्यांना उपाशी मारणार आहे. सगळ्यांना."

मग कपाटातून मलमाची डबी काढून माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, परवानगी, चाचण्या... त्या म्हणाल्या, "पाय गेल्यावर चाचण्या करत बस."

लावलं. बाबांना मी धोकाही सांगितला. ते म्हणाले, सोमवारी जे जाणारच आहे त्याला कसला धोका.

२४ मार्च

जखम भरतेय! वास पहिल्याच दिवशी गेला. आज कडा गुलाबी, मध्ये कोवळी कातडी. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि पुन्हा पुन्हा विचारलं, काय लावलंत. शेवटी मी खरं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मॅडमचा नंबर मागून घेतला.

बाबा काठी न घेता काचघरापर्यंत चालत गेले. ताईला व्हिडिओवर पाय दाखवला. ती एवढी रडली की तिचा मुलगा धावत आला, आजोबा गेले की काय म्हणून. आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

कामावर एक खटकलेली गोष्ट. ज्यांत भुकटी घातलीच नव्हती त्या बश्याही कोऱ्या झाल्यात. माझ्याच हातून भुकटी सांडली असणार. पुन्हा लावते.

२९ मार्च

बाबांनी पावाचं पीठ मळलं. फुगलं नाही. दिवसभर झाकून ठेवलं, होतं तेवढंच.

बरणी उघडली. खमिरावर एक बुडबुडा नाही. आंबूस वास नाही. कसलाच वास नाही. चुना कालवून ठेवावा तसं दिसत होतं. आजोबांच्या हातचं खमीर! बाबा आता काय म्हणतील या भीतीनं मी त्यांच्याकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "गेली का? बरं." आणि खुर्चीत जाऊन बसले.

ते रडले असते, माझ्यावर ओरडले असते, तर बरं वाटलं असतं.

बश्या पुन्हा कोऱ्या. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कपाटात, नव्या हातमोज्यांनी लावल्या तरी कोऱ्या. मी हात लावला की कोऱ्या. शंभरटक्केला म्हटलं, आपण भुकटी अंगावर घेऊन फिरतोय. तो डबा उघडत म्हणाला की मग फ्रिजचा खर्च वाचला. डब्यातली भाजी त्यानं सोमवारी आणली होती. आज शुक्रवार. आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखी दिसत होती.

त्यानं दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. भूकच लागत नाही हल्ली, म्हणाला.

२ एप्रिल

दुपारी काचघराच्या मागे गेले. झाडांची छाटणी तिकडे टाकतात. मला वाटलं होतं, कुजलेल्या पाल्याचा ढीग असेल.

ढीग छपरापर्यंत होता. आणि सगळी पानं ताजी. तळापासून. मी हात घालून आतली उपसली, तीही तशीच, हिरवी, खालून लालसर. मुंग्या नाहीत. गांडुळं नाहीत. बुरशीचा ठिपका नाही. मातीला मातीचा वास नाही.

ढिगाच्या पायथ्याशी मांजर झोपलं होतं. मी चुकचुक केलं. हललं नाही. पाठीवरून हात फिरवला. केस मऊ, कान लवचीक, अंग गार आणि पोकळ, हलकं, टोपलीसारखं. गळ्यातला पट्टा उन्हानं विटून पांढरा झाला होता. किती काळ तिथे होतं कोण जाणे. माशीसुद्धा बसली नव्हती.

हात साबणानं तीनदा धुतले. कशासाठी, तेही कळेना. माझ्या हातांइतके स्वच्छ हात जगात नसतील.

५ एप्रिल

बाबा जेवत नाहीत. मी भरवलं तर गिळतात, पण जे गिळतात ते जसंच्या तसं—

लिहवत नाही. तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा.

पचवायलाही जंतू लागतात, हे मला शाळेत शिकवलं होतं. पोटातले, कातडीवरचे, तोंडातले. आपलं अर्धं अंग म्हणजे तेच. मी वर्तुळ बघत राहिले, आणि वर्तुळात कोण बसलंय ते पाहिलं नाही.

त्यांच्या अंगाला पिठाचा आणि घामाचा वास असायचा. लहानपणी मी तोच वास धरून झोपायचे. आज त्यांच्या मानेत नाक खुपसलं. काही नाही. काचेला नाक लावावं तसं.

पाय पाहिला. व्रण पांढराशुभ्र. त्यातून बारीक पांढऱ्या रेघा वर गेल्यात, पोटरीवरून गुडघ्यापर्यंत. एक जाड, तिला फाटे, फाट्यांना फाटे. पान उलटं धरल्यावर शिरा दिसतात ना, तशा.

मी विचारलं, दुखतं का? ते म्हणाले, "नाही गं. ऊन छान आहे." खुर्ची खिडकीला लावून बसलेत. ऊन सरकतं तसे सरकतात.

७ एप्रिल

डॉक्टरांना फोन केला, बाबांना लगेच बघा म्हणून. फोनवर ते आनंदात होते. मॅडमनी त्यांना भुकटीचा रंग करून दिलाय. मुलांच्या वॉर्डाच्या भिंती रंगवून झाल्या. आठवडाभरात एकाही मुलाची जखम चिघळली नाही.

मी किंचाळले असेन. ते म्हणाले, तुम्ही दमलेल्या वाटता.

मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. बाबांचं पोट, रेघा, ढीग, मांजर. म्हटलं, ही भुकटी थांबत नाहीये, कण जुळून आता साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतील अशा रेघा ओढतायत, मी पाहिलंय, धातू वाढत नसतो, हा वाढतोय, पानासारखा. भिंती खरवडून काढा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाबांच्या पायाला वास येतोय का?"

मी म्हटलं, नाही.

"ताप? पू? कण्हणं?"

"नाही, पण—"

"माझ्या मुलीला शेवटी एवढा वास यायचा की नर्स दारातूनच बोलायची. तुझे बाबा आहेत तसेच राहतील. कायमचे. तुला आणखी काय हवंय?"

त्या माझ्या जवळ उभ्या होत्या. श्वासाला वास नव्हता. श्वासच जाणवला नाही.

८ एप्रिल

हॉस्पिटलला गेले. मुलांच्या वॉर्डात पाऊल टाकलं आणि कळलं. औषधांचा वास नाही, दुधाचा नाही, मुलांच्या कपड्यांचा नाही. पांढऱ्या भिंती. सगळी मुलं उशीला टेकून बसलेली, तोंडं खिडकीकडे. एकही रडत नव्हतं. ताटं भरलेली. नर्स कौतुकानं म्हणाली, इतकी शहाणी मुलं आम्ही बघितली नव्हती.

एका आईचा दंड धरून मी म्हटलं, घेऊन जा हिला, आत्ताच्या आत्ता. ती घाबरली, माझ्यापासून लांब सरकली. मी धरलं होतं तिथे तिच्या दंडावर पांढरी बोटं उमटली होती.

मीच आणतेय. मी जिथे जाते तिथे—

पळत घरी आले. आता बाहेर पडायचं नाही.

९ एप्रिल

बाबा सकाळपासून बोलले नाहीत. हाका मारल्या. हलवलं.

नाकाशी आरसा धरला. आरसा स्वच्छच राहिला.

छातीला कान लावला. काही नाही—

मी ओरडून मागे झाले, तेव्हा त्यांचे डोळे माझ्याकडे वळले होते.

१० एप्रिल

त्यांचे हात. मांडीवर. पुढे दाब, मागे ओढ, अर्धी घडी. पुढे दाब—

पीठ मळतायत. रिकामं. सकाळपासून.

मी हात धरले. गार. माझ्या हातांतूनही मळत राहिले.

बरणीला झाकण लावावं तसं मला जगापासून कुठेतरी बंद व्हायचंय. काय लिहितेय मी. शंभरटक्के दारात येऊन गेला. काचेतून दिसला. मी विचारलं, ठीक आहेस ना? ओठ हलले. दोनच शब्द असणार. आवाज नव्हता.

ताईचा फोन. बाबांना दे, म्हणाली. झोपलेत, म्हटलं. मग म्हणाली, तुझा आवाज असा का, वाऱ्यासारखा? मी येतेय. मी नको नको म्हणत होते आणि तिला ऐकू जात नव्हतं.

११ एप्रिल

आवाज गेला.

नखांच्या मुळाशी पांढरं. मनगटापर्यंत रेघा. दुखत नाही. तेच भयानक, दुखत नाही. उन्हात हात धरला की बरं वाटतं. फार बरं वाटतं.

ताईला संदेश लिहायला फोन घेतला. फोनला माझं बोट कळत नाही. दाबते, घासते, नाकानं, हनुवटीनं. काच मला ओळखत नाही.

दार आतून लावलंय. खुर्ची टेकवलीय.

सकाळ

बाबांच्या शेजारी बसले होते. जरा वेळ. उठवत नाही. गुडघे वळत नाहीत. ऊन—

नाही. लिहायचं. पेन्सिल मुठीत धरून. हे पान फाडून दाराखालून सरकवायचं. तेवढं झालं की पुरे.

गाडी थांबली. ताईचं हसू. ती बरोबर पोराला घेऊन आलीय.

दार वाजवतायत. मावशी, मावशी, म्हणतोय तो. दाराला गाल लावून.

मॅडमचा आवाज. ताईला म्हणतायत, आत दोघंही छान आहेत, माझ्याकडे दुसरी किल्ली आहे—

मोठ्या अक्षरात. आधी महत्त्वाचं.

ताई, आम्हाला हात लावू